विश्लेषण : निकाराग्वाने माजी उपराष्ट्राध्यक्षाचेच नागरिकत्व का काढून घेतले?

फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाराग्वा सरकारने ९४ जणांचे नागरिकत्व एका फटक्यात काढून घेतले. त्यात कादंबरीकार व पत्रकार सर्जिओ रामिरेझ यांचेही नाव होते. स्पॅनिश साहित्यात सर्वोच्च मानला जाणारा सर्व्हांतेस पुरस्कार मिळवणारे ते मध्य अमेरिकेतील पहिले लेखक. विशेष म्हणजे कारवाई करणारे अध्यक्ष दानिएल ओर्तेगा यांचेच ते एकेकाळचे उपराष्ट्राध्यक्ष!

क्रांतीत कसे आले?

रामिरेझ यांचा जन्म १९४२ चा, मासातेपे गावचा. लिओन शहरात कायदा शिकत असताना २३ जुलै १९५९ रोजी सोमोझा राजवटीच्या सैनिकांनी विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. चौघे ठार झाले. १६ वर्षांचे रामिरेझ बचावले, पण राजकारणापासून दूर राहणे त्यांना पुढे जमले नाही. १९७७ मध्ये सँडिनिस्टा बंडाला पाठिंबा देणाऱ्या ‘बारा जणांच्या गटा’चे नेतृत्व त्यांनी केले. १९७९ मध्ये सोमोझा पळाला आणि रामिरेझ सत्तामंडळात आले. १९८५ ते १९९० ते उपराष्ट्राध्यक्ष होते. अमेरिकेच्या पैशावर लढणारे कॉन्त्रा बंडखोर, देशात टंचाई. तरी कार्यालयात जाण्यापूर्वी पहाटे ते लिहायला बसत. १९३३ च्या एका विषप्रयोग खटल्यावरची ‘कास्तिगो दिविनो’ ही कादंबरी याच काळातली.

मग बिनसले कुठे?

१९९० च्या निवडणुकीत सँडिनिस्टा हरले. जाता जाता अनेक नेत्यांनी सरकारी घरे-जमिनी स्वतःच्या नावावर करून घेतल्या. पक्षावर ओर्तेगांची पकडही घट्ट होत गेली. १९९५ मध्ये रामिरेझ यांनी वेगळा पक्ष काढला, १९९६ ची अध्यक्षीय निवडणूक लढवली आणि सपाटून मार खाल्ला. राजकारण तिथेच सुटले. ‘अदियोस मुचाचोस’ या आठवणींत त्यांनी क्रांती नाकारली नाही. तिची स्वप्ने सांगितली, तसे तिचे घसरणेही. स्वतः सत्तेत बसलेल्या माणसाने हे लिहिणे ओर्तेगांना अधिक झोंबणारे होते.

कादंबरीची भीती कशाला?

एप्रिल २०१८ मध्ये निवृत्तिवेतनातील बदलांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. पुढच्या दडपशाहीत तीनशेहून अधिक माणसे मारली गेली. आंदोलन पेटल्यानंतर अवघ्या पाच दिवसांत स्पेनमध्ये सर्व्हांतेस स्वीकारताना रामिरेझ यांनी तो मृतांना अर्पण केला. २०२१ मध्ये याच घटनांवर त्यांची रहस्यकादंबरी आली. निकाराग्वात तिच्या प्रती सीमाशुल्क विभागाने अडवल्या. सप्टेंबरमध्ये द्वेष पसरवणे आणि कट रचणे या आरोपांखाली अटकेचा आदेश निघाला. रामिरेझ तेव्हा देशाबाहेर होते. माद्रिद हेच मग त्यांचे घर झाले.

कादंबरी मात्र डिजिटल प्रतींच्या रूपाने निकाराग्वातल्या वाचकांपर्यंत पोहोचलीच.