जेवणानंतरची एक गोळी

बार्शीटाकळीत माझं औषधांचं दुकान आहे. बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या मानानं स्तनाच्या कर्करोगावरची एक्झिमेस्टेन ही गोळी फारशी जात नाही. मोजक्या बायांसाठी मी ती अकोल्याहून मागवून ठेवते. पण हिच्याइतके प्रश्न मला दुसऱ्या कुठल्याच गोळीबद्दल विचारले जात नाहीत. मधे एका काकूंनी पाकीट परतच आणलं. "ताई, माहा पोरगा म्हंते, हे स्टिरॉइड हाये. घेऊच नको म्हंते."

पोराची भीती मला समजते. दम्याला, सांधेदुखीला वर्षानुवर्षं स्टिरॉइड खाऊन तोंड सुजलेली, साखर वाढलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. ती औषधं कॉर्टिसोनच्या घराण्यातली. एक्झिमेस्टेनशी त्यांचं साम्य फक्त रेणूच्या ठेवणीचं: कार्बनची चार कडी, एकमेकांना जोडलेली. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन आणि बाईचं इस्ट्रोजन याच ठेवणीचं असतं. काम मात्र प्रत्येकाचं निराळं.

तपासणीच्या कागदावर 'ईआर पॉझिटिव्ह' असेल, तर ती स्तनाची गाठ इस्ट्रोजनवर वाढणारी आहे. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननं अंडाशयं काढल्यावर काही बायांचा स्तनाचा कर्करोग मागे हटल्याचं लिहून ठेवलं, तेव्हा तर इस्ट्रोजन हे नावही नव्हतं. पण पाळी गेल्यावर, अंडाशयं थकल्यावरही इस्ट्रोजन शरीरात बनतच राहतं. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोस्टेनेडायोन नावाचं पुरुषी गटातलं संप्रेरक सोडतात, आणि चरबी, स्नायू, त्वचा, खुद्द स्तनाची गाठ यांत असलेलं अरोमॅटेज हे विकर त्याचं इस्ट्रोजन करतं. अँड्रोस्टेनेडायोनमध्ये १९ कार्बन असतात. अरोमॅटेज एका कार्बनवर तीनदा ऑक्सिजनचा मारा करतं, तो कार्बन फॉर्मिक आम्ल होऊन निघून जातो, आणि उरलेल्या १८ कार्बनच्या रेणूचं पहिलं कडं बेंझीनसारखं होतं. तेच इस्ट्रोजन. एका कार्बनचा हा फरक!

हे विकरच बंद पाडावं, असं अँजेला ब्रोडी या बाईंच्या मनानं घेतलं. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर फाउंडेशनमध्ये त्या काम करत. त्यांचे पती हॅरी रसायनशास्त्रज्ञ. ते अँड्रोस्टेनेडायोनसारखे दिसणारे रेणू बनवत आणि अँजेला ते तपासत. १९७०च्या दशकात त्यातला एक चांगला निघाला, तोच पुढे फॉर्मेस्टेन झाला. औषध कंपन्यांना बरीच वर्षं त्यात रस वाटला नाही. बाई मागे हटल्या नाहीत. १९८०च्या दशकात लंडनला चार्ल्स कूम्ब्ज यांनी ते रुग्णांना देऊन पाहिलं आणि गुण आला. मात्र फॉर्मेस्टेन सुईनं द्यावं लागे. त्याच वाटेनं आलेली एक्झिमेस्टेनची गोळी १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

ही गोळी करते काय? तिचा रेणू अँड्रोस्टेनेडायोनसारखा दिसतो, म्हणून अरोमॅटेज त्याला आपल्या खाचेत घेतं आणि नेहमीचं काम सुरू करतं. त्या कामातच रेणू बदलतो आणि विकराला कायमचा चिकटतो. कपाशीतून आलेली तार जिनिंगच्या रोलरमध्ये गुंतून बसावी, तसं. ते अरोमॅटेज पुन्हा चालत नाही. ही खाच नेमकी कशी आहे, हे २००९ मध्ये देबाशीष घोष यांच्या गटानं बाळंतपणानंतरच्या वारेतून काढलेल्या अरोमॅटेजचे स्फटिक करून दाखवलं. लेट्रोझोल आणि अॅनास्ट्रोझोल या गोळ्या स्टिरॉइड नाहीत. त्या विकरातल्या लोहाला धरतात आणि सुटूही शकतात.

मग एकदा मेलेल्या अरोमॅटेजसाठी रोज गोळी कशाला? कारण शरीर नवं अरोमॅटेज बनवत राहतं. एका गोळीचा परिणाम चार-पाच दिवस टिकतो, मग इस्ट्रोजन परत चढतं. म्हणून रोज २५ मिलिग्रॅम, डॉक्टर सांगतील तितकी वर्षं, आणि जेवणानंतरच. पोटात स्निग्ध अन्न असलं की ती जास्त अंगी लागते.

इस्ट्रोजन उतरल्याची किंमतही असते. अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, सांधे धरतात. निंदायला, कापूस वेचायला वाकणाऱ्या बाईला हे सोसणं सोपं नाही, आणि गोळी सुटते ती इथेच. असं झालं तर आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, हाडांची तपासणी करता येते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याकडे कितीतरी बायांची गर्भपिशवी चाळिशीच्या आतच काढलेली असते. पाळी बंद, म्हणून "माही पाळी गेली" असं त्या सांगतात. पण अंडाशयं जागेवर असली तर ती काम करतच असतात. अशा वेळी नुसती ही गोळी दिली, तर इस्ट्रोजन कमी झाल्याचं मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीला कळतं, ती अंडाशयांना आणखी जोरानं कामाला लावते आणि गोळीचा उपयोग होत नाही. आधी अंडाशयं सुईनं किंवा ऑपरेशननं थांबवावी लागतात. ती चालू आहेत का, हे रक्ततपासणीत कळतं. म्हणून मायबहिणींनो, पिशवीच्या ऑपरेशनचा कागद कितीही जुना असो, जपून ठेवा आणि कर्करोगाच्या डॉक्टरांपुढे ठेवा. कागद नसेल, तर "पिशवी काढली, पाळी आपोआप गेली नाही" एवढं तरी तोंडानं नक्की सांगा.