जुन्या बसची विक्री: ताब्यापासून नोंदीपर्यंत

वापरलेली बस एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र घटना घडतात, आणि या व्यवहाराच्या गेल्या पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा मागोवा म्हणजे मुख्यतः या दोन घटनांमधल्या अंतराचा मागोवा आहे. बस ही जंगम मालमत्ता असल्यामुळे तिची विक्री १९३० च्या मालविक्री अधिनियमाखाली येते. किंमत ठरली आणि मालकी देण्याघेण्याचा उभयपक्षांचा हेतू स्पष्ट झाला की मालकी बदलते, त्यासाठी जमिनीसारखे नोंदणीकृत खरेदीखत लागत नाही. मात्र प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजेच आरटीओच्या, दप्तरात नाव बदलले नाही तर अपघाताची भरपाई, दंड आणि कर यांसाठी जुन्याच मालकाला जाब विचारला जातो.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने कलम ३१ अन्वये मालकीबदलाची खबर नोंदणी अधिकाऱ्याला देण्याचे बंधन घातले खरे, पण ती द्यायची विक्री झाल्यानंतर. नोंद ही विक्रीची जननी नव्हती, तिच्या मागून येणारी वार्ता होती. त्या कायद्यातील मालकाची व्याख्याही नोंदवहीतल्या नावाला बांधलेली नव्हती. विसारपावती, म्हणजे सौदा पक्का करताना दिलेल्या आगाऊ रकमेची पावती, आणि ताबा पावती या दोन कागदांवर व्यवहाराचा भार असे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढे मार्गांचे राष्ट्रीयीकरण होत गेले, तसा महाराष्ट्रातल्या खाजगी बसमालकाच्या हाती नियमित मार्ग राहिला नाही. परिणामी इथल्या जुन्या बसच्या व्यवहारात मुख्यतः गाडीचीच किंमत ठरू लागली.

१ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्याने ही मांडणी मुळापासून बदलली. ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो मालक, अशी व्याख्या कलम २(३०) मध्ये आली. कर्जाने वा भाडेखरेदीने घेतलेल्या वाहनाच्या बाबतीत मात्र त्या कराराखाली ताबा असलेली व्यक्ती मालक मानली गेली. कलम ५० ने राज्यांतर्गत विक्रीत विकणाऱ्याला चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याला तीस दिवसांत खबर देण्यास सांगितले. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दोन नमुने ठरवून दिले: नमुना २९ ही विकणाऱ्याने द्यायची हस्तांतराची सूचना आणि नमुना ३० हा नाव चढवण्याचा अर्ज. गाडी दुसऱ्या नोंदणी क्षेत्रात जाणार असेल तर नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. बाजारात मात्र हे नमुने 'टीटी फॉर्म' याच नावाने ओळखले गेले.

या टीटी फॉर्मभोवती जी रीत रुजली तिने या व्यवहाराचे सर्वाधिक नुकसान केले. मालकाने नमुन्यांवर कोऱ्या सह्या करायच्या, घेणाऱ्याचे नाव व तारीख रिकामी सोडायची आणि कागदांचा गठ्ठा दलालाच्या हाती द्यायचा; मधला व्यापारी आपल्या नावावर गाडी न चढवता तीच कागदपत्रे पुढच्या गिऱ्हाइकाला देई, आणि बस तीन-चार हातांतून फिरली तरी दप्तरात पहिलाच मालक राही. प्रत्येक हस्तांतराचा खर्च वाचतो हे या रीतीचे समर्थन होते, आणि जोवर अपघात होत नाही तोवर ते पटण्याजोगेही वाटे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका असाच प्रश्न आला: नोंदणीकृत मालकाने विकलेले वाहन एकामागून एक हात बदलत गेले होते आणि अपघाताच्या वेळी त्याचा विमाही नव्हता. १९३९ आणि १९८८ च्या व्याख्यांमधला फरक संसदेने जाणीवपूर्वक केलेला आहे, असे सांगून न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. अपघातात सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्या वारसांनी विक्रीची साखळी धुंडाळत बसू नये, ही त्यामागची भूमिका न्याय्यच म्हटली पाहिजे. चाळीस-पन्नास प्रवासी वाहणाऱ्या बसच्या बाबतीत तर तिचे महत्त्व अनेक पटींनी वाढते.

म्हणून ताबा पावतीला आज दुय्यम स्थान आले असले तरी ती निरुपयोगी ठरत नाही. तिच्यावर चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, मीटरवरचे किलोमीटर आणि ताबा दिल्याची तारीखच नव्हे तर वेळसुद्धा लिहावी लागते, कारण त्या दिवशी सकाळी झालेला दंड विकणाऱ्याचा आणि संध्याकाळचा घेणाऱ्याचा, हा हिशेब उभयतांमध्ये याच कागदावर सुटतो. विम्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. कलम १५७ नुसार मालकी बदलली की विमापत्र घेणाऱ्याच्या नावे गेले असे मानले जाते, परंतु हे गृहीतक त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीपुरतेच आहे. बसचे स्वतःचे नुकसान भरून हवे असेल तर घेणाऱ्याला विमापत्र स्वतंत्रपणे आपल्या नावे करून घ्यावे लागते. कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेच्या लेखी संमतीविना नाव बदलत नाही आणि कर्ज फिटल्यावर तो बोजा नमुना ३५ भरून उतरवावा लागतो.

मोटारकार आणि बस यांच्या विक्रीतला खरा भेद परवान्यात आहे. कलम ८२ प्रमाणे परवाना देणाऱ्या प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तो दुसऱ्याच्या नावे होत नाही, त्यामुळे नाव चढले तरी परवाना आपोआप सोबत येत नाही. महाराष्ट्रात खाजगी बस बहुतेक कंत्राटी परवान्यावर, म्हणजे ठरलेल्या प्रवाशांना कराराने नेण्याच्या मुभेवर, चालते. गोव्यात १९८० साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाल्यानंतरही गावोगावच्या मार्गांवर खाजगी बस टप्पा परवान्यावर, थांब्याथांब्यावर प्रवासी घेत, धावत राहिली. तिथे बस विकणे म्हणजे बरेचदा एका कुटुंबाने आपला मार्ग दुसऱ्याच्या हवाली करणे असते. वयाचाही प्रश्न येतो. नोव्हेंबर २०१८ च्या नियमबदलानंतर आठ वर्षांपर्यंतच्या प्रवासी व मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्र, बोलीभाषेत पासिंग, दोन वर्षांसाठी आणि त्यापुढे एकेका वर्षासाठी मिळू लागले. साहजिकच आठव्या वर्षाच्या आसपास विकायला निघालेल्या बसची किंमत ठरवताना पासिंगची उरलेली मुदत विचारात घेतलीच पाहिजे.

गेल्या दशकात 'वाहन' या संगणकीय प्रणालीने नोंदवही कार्यालयाबाहेर आणली, त्यामुळे घेणाऱ्याला सौद्याआधीच कर, पासिंग, विमा आणि बोजा यांची स्थिती पाहता येऊ लागली. डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यासाठी प्राधिकारपत्राची व्यवस्था आणली; मालकाने वाहन अशा व्यापाऱ्याच्या स्वाधीन केल्याची सूचना नमुना २९-सी अन्वये नोंदली गेली की गाडी पुढे विकली जाईपर्यंत तो व्यापारीच मानीव मालक ठरतो. कोऱ्या सह्यांच्या रीतीत दलालाचे नाव कुठेच उमटत नसे; या व्यवस्थेत ते दप्तरात येते. दोन व्यक्तींमधल्या थेट विक्रीला मात्र ही तरतूद लागू नाही, तिथे नमुना २९ आणि ३० हेच आजही लागतात आणि चौदा दिवसांची मोजणी आजही विकणाऱ्यापासूनच सुरू होते.