समूह शाळा एक, गावे अनेक. खर्चाचा वाटा ठरवायचा कसा? समजून घ्या सोपे गणित

नंदुरबार : सातपुड्यातील तोरणमाळला आजूबाजूच्या पाड्यांवरील कमी पटाच्या शाळा एकत्र करून जिल्हा परिषदेची निवासी शाळा उभी राहिली. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा हेच उदाहरण पुढे केले. शाळा लांब गेली तर मुलांचे काय, यावर बरीच चर्चा झाली. पण अनेक गावांची मिळून एकच शाळा झाली, तर तिचा खर्च कोणी किती उचलायचा?

सध्या पैसे कोण देते?

शिक्षकांचे पगार राज्य सरकार देते. गावाला जाणवतो तो वरखर्च : वीजबिल, गळके छप्पर, पाणी. त्यासाठी समग्र शिक्षा योजनेतून पटानुसार अनुदान मिळते. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. ते पुरले नाही की ग्रामपंचायत किंवा लोकवर्गणी. समूह शाळेत मात्र ग्रामपंचायती अनेक असतात.

समजा, तीन गावे आहेत...

हे आकडे फक्त उदाहरणासाठी. शाळेचा वरखर्च वर्षाला ६ लाख रुपये.

• बाजाराचे गाव : मुले ४०, घरे-दुकानांचे मूल्य ८ कोटी
• मधले गाव : मुले ६०, मूल्य ३ कोटी
• डोंगरावरचा पाडा : मुले १००, मूल्य १ कोटी

पद्धत १, मुलांनुसार : बाजाराचे गाव १.२ लाख, मधले गाव १.८ लाख, पाडा ३ लाख. म्हणजे एक लाखाच्या घरामागे पाड्याला ३,००० रुपये, तर बाजाराच्या गावाला फक्त १५० रुपये. सर्वांत गरीब गावावर २० पट भार.

पद्धत २, मालमत्तेनुसार : ४ लाख, १.५ लाख आणि ५० हजार. एक लाखाच्या घरामागे सगळीकडे सारखेच ५०० रुपये. पण बाजाराचे गाव म्हणेल, आमच्या एका मुलामागे १० हजार आणि पाड्याच्या मुलामागे ५००?

पद्धत ३, निम्मे-निम्मे : २.६ लाख, १.६५ लाख आणि १.७५ लाख.

असे कुठे होते का?

अमेरिकेच्या ईशान्य भागात अनेक छोटी गावे मिळून एक शाळा चालवतात. तिथे वाटा मुलांच्या संख्येवर, मालमत्तेच्या मूल्यावर किंवा दोन्हींवर ठरतो. आपल्याकडेही कल्पना नवी नाही. १९६२ च्या कायद्यानुसार शहरी भागात घरपट्टीसोबत शिक्षण कर आकारला जातो आणि तो राज्याकडे जमा होतो. म्हणजे शिक्षणासाठी मालमत्तेच्या मूल्यावर कर आपण आधीपासूनच भरतो.

मेख कुठे आहे?

पहिली, मोजमापाची. ग्रामपंचायतीची घरपट्टी आता भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरच्या दरांच्या आधारे ठरते. एका गावाने नवी आकारणी केली आणि शेजारच्याने जुनीच ठेवली, तर प्रामाणिक गावाचा वाटा फुगतो. त्यामुळे सर्व गावांचे मूल्य एकाच वर्षाच्या दराने काढायला हवे.

दुसरी, जमिनीची. धडगाव, अक्कलकुव्यात अनेकांकडे वनहक्काचे पट्टे आहेत. ते वारसाने मिळतात, विकता येत नाहीत. अशा जमिनीला बाजारभाव लावून वाटा वाढवला, तर तो हातात नसलेल्या पैशांवरचा कर ठरेल.

तिसरी, अधिकाराची. जास्त पैसे देणारे गाव 'शाळा आमच्याकडेच हवी' म्हणू शकते. इथे शिक्षण हक्क कायदा कामी येतो : शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. पैसे मालमत्तेनुसार घेतले, तरी समितीतील जागा मुलांच्या संख्येनुसार वाटता येतात.

ग्रामसभेत काय विचाराल?

तुमच्या गावाची शाळा समूह शाळेत जाणार असेल, तर ठरावाआधी तीन प्रश्न विचारा : वरखर्च किती, वाटा कोणत्या सूत्राने आणि समितीत आपल्या पाड्याच्या जागा किती? उत्तरे ठरावात लिहून घ्या. शाळा एकदा हलली की ही बोलणी करायला पाड्यावरच्या पालकांना घाट उतरून यावे लागेल.