नको म्हणणारा पॅकेज मॅनेजर

१९९३ साली पॅट्रिक व्होल्करडिंगने स्लॅकवेअर हे लिनक्सचं वितरण काढलं, तेव्हा ‘पॅकेज इन्स्टॉल होत नाही’ ही तक्रार फारशी ऐकू यायची नाही. सगळं सुरळीत चालायचं म्हणून नव्हे. स्लॅकवेअरचं पॅकेज म्हणजे फायलींचा दाबून बांधलेला गठ्ठा. तो सोडला की फायली आपापल्या जागी जाऊन पडत आणि काम झालं असं मानलं जाई. त्या प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या मशीनवर आहेत का, याची चौकशी कोणी करत नसे. प्रोग्राम उघडायला गेलं की मग कळायचं. कधी त्याच संध्याकाळी, कधी महिन्याने. एरर तेव्हाही होती, पण ती उशिरा यायची आणि कुठून आली ते सांगायची नाही.

लिनक्सवर पॅकेज अडण्याची कहाणी म्हणूनच मला बिघाडांची कहाणी वाटत नाही. पॅकेज मॅनेजर हळूहळू वेळेवर ‘नको’ म्हणायला शिकला. त्या नकाराचं कारण नीट सांगायला शिकण्यात त्याची आणखी बरीच वर्षं गेली. मधल्या काळात आपण तो नकार डावलायच्या युक्त्या शिकून बसलो, आणि माझ्या पाहण्यातली बहुतेक मशिनं या युक्त्यांनीच मोडली.

ऑगस्ट १९९३ मध्ये इयान मर्डॉकने डेबियनची घोषणा केली. त्यासाठी लिहिलेलं डीपीकेजी पुढे इयान जॅक्सनने सी भाषेत नव्याने उभं केलं. १९९५ मध्ये रेड हॅटकडून मार्क यूइंग आणि एरिक ट्रोन यांचं आरपीएम आलं. मशीनवर काय काय बसवलंय याची नोंदवही दोघांनीही ठेवली आणि प्रत्येक पॅकेजने आपल्याला काय लागतं ते आधी जाहीर करावं असा दंडक घातला. ‘फेल्ड डिपेन्डन्सीज’ हे शब्द तेव्हापासून घरोघरी, म्हणजे लिनक्स असलेल्या मोजक्या घरांत, पोचले.

पण हा नकार सरकारी खिडकीवरच्या कारकुनाचा होता. एक दाखला कमी आहे म्हणून कागद परत. तो दाखला कुठे मिळतो, ते मात्र तुमचं तुम्ही बघा. आरपीएम एखाद्या लायब्ररीच्या फायलीचं नाव घेऊन थांबायचं. ती फाइल कोणत्या पॅकेजात येते, हे शोधणं आपल्याकडे. शोधून आणावं तर त्या पॅकेजाला तिसरं हवं असायचं, आणि तिसऱ्याची नवी आवृत्ती घातली की मशीनवरचं चालू असलेलं चौथं बंद पडायचं. भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, पण ते फोनच्या तारेवरून. पाच एमबीचं पॅकेज उतरवायला अर्धा तास सहज जायचा आणि मध्येच कोणी फोन उचलला की पहिल्यापासून. त्यामुळे ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी हातोहात फिरायची. सीडीवर जे नाही ते मग मिळेल तिथून आणायचं. रेड हॅट, मँड्रेक, सुसे या तिघांच्याही पॅकेजांचं शेपूट ‘आरपीएम’च, म्हणून ती एकमेकांत चालतील असा समज होता. चालत नसत. एकाच लायब्ररीला तिघांकडे तीन नावं असू शकत, आणि नोंदवही बिचारी नावांवरच चालते.

यावर तोडगा म्हणून तोंडोतोंडी पसरला तो ‘--नोडेप्स’ आणि त्याचा थोरला भाऊ ‘--फोर्स’. दोन्ही आरपीएमने स्वतःच दिलेले, तपासणी डावलायचे पर्याय. त्या क्षणी पॅकेज बसायचं, पण नोंदवहीत एक खोटी नोंद राहायची आणि पुढची प्रत्येक कसरत त्या खोट्यावर उभी राहायची.

त्या दशकातली खरी कसोटी मात्र सी लायब्ररीची. लिबसी-५ वरून लिबसी-६ वर जायचं होतं. रेड हॅटने ते १९९७ च्या अखेरीस ५.० मध्ये केलं, डेबियनने जुलै १९९८ च्या २.० मध्ये. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम या लायब्ररीवर उभा असतो. कमांड टाइप करतो ती शेल आणि पॅकेज बसवणारं डीपीकेजीसुद्धा. पॅकेजं चुकीच्या क्रमाने घातली तर पुढचं पॅकेज घालायला हत्यारच शिल्लक राहत नाही. म्हणून डेबियनवाल्यांत ‘ऑटोअप’ नावाची एक छोटी स्क्रिप्ट फिरत होती. काय आधी आणि काय नंतर, एवढंच ती सांभाळायची. तेव्हाचं पॅकेज निवडायचं साधन डीसिलेक्ट. त्याच्या पडद्यांतून वाट काढून बाहेर पडलेल्या माणसाला अजूनही ओळखता येतं. तो नव्या साधनांबद्दल सहसा तक्रार करत नाही.

मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर एपीटी आलं आणि खेळ पालटला. एपीटी-गेटला पॅकेजाचं नाव सांगायचं. काय काय लागतं ते एपीटी शोधणार, रिपॉझिटरीतून, म्हणजे वितरणाच्या पॅकेजांच्या कोठारातून, आणणार, योग्य क्रमाने डीपीकेजीच्या हाती देणार. आरपीएमच्या जगात हे काम पुढे यमने केलं. यलो डॉग लिनक्सच्या यपवरून ते ड्यूक विद्यापीठात सेथ विडाल आणि सहकाऱ्यांनी घडवलं. विडाल २०१३ मध्ये डरहॅममध्ये सायकलवरून जाताना गाडीच्या धडकेत गेले. फेडोरा आणि सेंटओएसवर वर्षानुवर्षं अपडेट करणाऱ्या कितीतरी लोकांना हे नाव माहीतही नसेल.

इथून एररची जात बदलली. ‘मिळत नाही’ ही तक्रार मागे पडली आणि ‘जमत नाही’ ही पुढे आली. हजारो पॅकेजांच्या अटी एकाच वेळी पाळणारा संच शोधणं किती अवघड आहे, याचा अभ्यास युरोपातल्या ईडॉस प्रकल्पाने २००६ च्या सुमारास मांडला. संगणकशास्त्र ज्याला एनपी-कम्प्लीट म्हणतं, त्या वर्गात हा प्रश्न बसतो. म्हणजे असा संच शोधणारा कुठलाही सॉल्व्हर प्रत्येक वेळी झटपट आणि अचूक उत्तर देईलच, अशी हमी नाही. एपीटीचा जुना सॉल्व्हर अनुभवाच्या ठोकताळ्यांवर चालायचा आणि हरला की एक प्रसिद्ध वाक्य टाकून मोकळा व्हायचा: ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’.

या वाक्याने जितक्या लोकांना चकवलं तितकं दुसऱ्या कुठल्या वाक्याने क्वचितच चकवलं असेल. वाचणाऱ्याला वाटतं की आपण कुठलंतरी पॅकेज धरून ठेवलंय आणि ते मोडलंय. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. घडलेलं असतं ते असं: कधीतरी एक बाहेरची रिपॉझिटरी जोडली, तिच्यातून एका लायब्ररीची जास्तच नवी आवृत्ती आली, आणि आता वितरणातलं दुसरं पॅकेज नेमकी जुनी आवृत्ती मागतंय. मार्ग साधा पण चिकाटीचा आहे. ज्या पॅकेजाचं नाव एररमध्ये आहे ते एकटं इन्स्टॉल करायला सांगायचं, मग ते ज्याच्यावर बोट ठेवतं ते, मग पुढचं. शेवटी जे अडतं त्याच्यावर ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ चालवायचं. कोणती आवृत्ती कुठल्या रिपॉझिटरीतून आलीये ते ही कमांड दाखवते, आणि गुन्हेगार सहसा तिथेच सापडतो. २००७ पासून उबुंटूत पीपीए, म्हणजे लोकांच्या खासगी रिपॉझिटऱ्या, सुरू झाल्या तसे हे गुन्हेगार वाढत गेले.

ओपनसुसेने २००८ मध्ये ११.० या आवृत्तीत पहिल्यांदा सॅट, म्हणजे सगळ्या अटी तर्काच्या सूत्रांत मांडून सोडवायच्या, पद्धतीचा सॉल्व्हर वापरात आणला. त्या घराण्यातलं लिबसॉल्व्ह घेऊन फेडोरा २२ मध्ये, म्हणजे २०१५ साली, यमच्या जागी डीएनएफ बसलं. एपीटी मात्र बराच काळ आपल्या ठोकताळ्यांवर थांबून होतं.

दरम्यान लिनक्स वापरणारा माणूसही बदलला. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं, फुकट सीड्या पोस्टाने घरी येऊ लागल्या, आणि मॅन्युअल वाचून लिनक्सकडे येणाऱ्यांच्या जागी कमांड चिकटवून एंटर दाबणारी पिढी आली. त्या पिढीची ठळक एरर म्हणजे ‘कुड नॉट गेट लॉक’. तिच्यावरचा लोकप्रिय इलाज होता लॉकची फाइलच उडवून देणं. याइतका वाईट सल्ला इतक्या आपुलकीने दिला जाताना मी दुसरा पाहिलेला नाही. लॉक म्हणजे ती फाइल नव्हेच. त्या फायलीवर कर्नलने एका प्रोसेसला दिलेला ताबा म्हणजे लॉक. फाइल उडवली तरी आधीचा प्रोसेस जुन्याच फायलीवर ताबा ठेवून काम करत राहतो. दुसरा त्याच नावाची नवी फाइल बनवून तिचं लॉक घेतो. आता दोघेही एकाच नोंदवहीत लिहितायत आणि दोघांनाही वाटतंय की आपण एकटेच आहोत. उबुंटूवर सुरक्षेची अपडेट मागच्या मागे आपोआप होऊ लागल्यावर ही एरर आणखी वाढली. मशीन सुरू करून लगेच काही बसवायला गेलं की लॉक त्या आपोआप चालणाऱ्या कामाकडे असायचं. दहा मिनिटं थांबणं हाच खरा उपाय होता. नव्या एपीटीने तो स्वतःच अंगी बाणवला: आता ते लॉक कोणाकडे आहे ते सांगतं आणि वाट बघतं.

२००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. गावात आणि छोट्या शहरांत अपग्रेड निम्म्यावर असताना वीज जाणं ही नित्याची बाब होती. डीपीकेजीच्या रचनेचं मोल मला इथे सर्वांत जास्त कळलं. ते प्रत्येक पॅकेजाची अवस्था टप्प्याटप्प्याने लिहून ठेवतं: उलगडलंय, अर्धवट बसलंय, अर्धवट कॉन्फिगर झालंय. वीज आल्यावर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ म्हटलं की जिथे थांबलं होतं तिथून पुढे. फाइल सिस्टिम शाबूत असेल तर बहुधा एवढ्यावर भागतं. ही कमांड एररमध्येच लिहिलेली असते, तरी लोक घाबरून सगळी सिस्टिम पुन्हा टाकायचे. एरर शेवटपर्यंत वाचायचा आळस मशीनला नसतो, आपल्याला असतो.

काही एरर तर पॅकेजांच्या नव्हत्याच, नुसता त्यांचा वेश घेऊन आल्या. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ मागे जायचं आणि एपीटी म्हणायचं की रिपॉझिटरीची रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही. रिपॉझिटरीची प्रत ठेवणारा मिरर अर्धवट ताजा झालेला असला की ‘हॅश सम मिसमॅच’. ‘/बूट’ हे वेगळं, लहान पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरलं की नवं कर्नल अर्ध्यात अडकायचं. मग जुनी काढायला जावं तर एपीटी म्हणणार, आधी अडकलेलं पूर्ण करा, आणि पूर्ण करायला जागा नाही. अशा वेळी सध्या चालू असलेलं कर्नल सोडून एखादं जुनं थेट डीपीकेजीने काढायचं, मग गाडं पुढे सरकतं.

जबरदस्ती कुठे नेते याचे दोन दाखले मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहेत. जुलै २०१२ मध्ये आर्च लिनक्सने ‘/लिब’ ही डिरेक्टरी काढून तिच्या जागी सिमलिंक ठेवायचं ठरवलं. आर्चचा पॅकेज मॅनेजर पॅकमन अडला: ही जागा आधीच भरलेली आहे. आर्चच्या लोकांनी स्पष्ट लिहिलं होतं की ‘--फोर्स’ वापरू नका, आधी तिथे कोणत्या पॅकेजाच्या फायली उरल्यात ते बघा. काहींनी तरी वापरलं, आणि सी लायब्ररीच जागेवर न राहिल्याने त्यांची एकही कमांड चालेना. पॅकमनमधून ‘--फोर्स’ हा पर्यायच काही वर्षांनी काढून टाकला गेला. त्याजागी आलेल्या ‘--ओव्हरराइट’ला नेमक्या कोणत्या फायलींवर लिहायचं ते सांगावं लागतं.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०२१ चा, आणि तो लाखोंनी पाहिला. कॅनडातला यूट्यूबर लायनस सबॅस्टियन कॅमेऱ्यासमोर पॉप ओएस या लिनक्स वितरणावर गेम खेळण्यासाठीचं स्टीम बसवत होता. रिपॉझिटरीतल्या ३२-बिट पॅकेजांच्या गोंधळामुळे स्टीमला डेस्कटॉपशी जमवून घेता येईना. सॉफ्टवेअर स्टोअरने नकार दिला. तो टर्मिनलवर गेला. एपीटीने काढून टाकायच्या पॅकेजांची लांबलचक यादी दाखवली, त्यात डेस्कटॉपही होता, आणि खात्री असेल तर ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ असं अक्षरशः टाइप करा, असं बजावलं. त्याने टाइप केलं. डेस्कटॉप गेला. लोक दोन गटांत भांडले: वाचलं का नाही म्हणणारे आणि हे होऊच कसं दिलं म्हणणारे. मी दुसऱ्या गटात. शेकडो ओळींच्या पांढऱ्या मजकुरात दडवलेला इशारा हा इशारा नसतो. एपीटीने ते मान्य केलं: आता अत्यावश्यक पॅकेजं काढायला वेगळा पर्याय जाणीवपूर्वक द्यावा लागतो, नुसतं वाक्य टाइप करून भागत नाही. २०२५ च्या एपीटी ३.० मध्ये काढली जाणारी पॅकेजं लाल रंगात वेगळी दिसतात. त्यातला नवा सॉल्व्हर अडला की कोणते दोन निर्णय एकमेकांच्या आड आले आणि प्रत्येक कुठून आला, ते ओळीने मांडतो. ‘हेल्ड ब्रोकन’वर केस उपटलेल्यांना याची किंमत कळेल.

कधी अडचण मशीनबाहेरूनही आली. सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, काही आठवड्यांत मिरर रिकामे झाले आणि ‘अ‍ॅपस्ट्रीम’ या रिपॉझिटरीचा मेटाडेटा उतरत नाही म्हणून जगभरचे सर्व्हर आणि कंटेनरचे बिल्ड एका रात्रीत अडले. मशीनवर कोणी काही बदललं नव्हतं. पत्ता जुन्या आवृत्त्यांच्या ‘व्हॉल्ट’कडे वळवला की काम चालायचं, पण सुरक्षेची अपडेट कायमची थांबलेली. ३० जून २०२४ नंतर सेंटओएस ७ वर हेच पुन्हा झालं आणि लोक पुन्हा तितकेच चकित झाले.

फ्लॅटपॅक आणि स्नॅपने २०१६ पासून अ‍ॅपला लागणाऱ्या लायब्रऱ्या बऱ्याच अंशी वेगळ्या बांधून देण्याची वाट घेतली. डेस्कटॉपवरची निम्मी भांडणं त्याने मिटली, डिस्कवरची जागा मात्र खाल्ली. पायथॉनच्या स्वतःच्या पॅकेज मॅनेजरने, पिपने, सिस्टिमच्या पॅकेजांत लुडबुड करणं डेबियन १२ ने २०२३ मध्ये थांबवलं. ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ ही एरर पाहून अजूनही लोक ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ टाकतात. पर्यायाचं नावच इतकं प्रामाणिक ठेवल्यावर आणखी काय करायचं!

पायाभूत लायब्ररी बदलण्याचा लिबसी-६ सारखा प्रसंग २०२४ मध्ये पुन्हा आला. ३२-बिट यंत्रांवरचा वेळ मोजायचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो, म्हणून डेबियनने तो ६४-बिट करायला घेतला आणि कितीतरी लायब्रऱ्यांच्या नावांना ‘टी६४’ हे शेपूट लागलं. त्या वसंतात डेबियनच्या ‘अनस्टेबल’ या विकासाच्या शाखेवर अपग्रेड म्हटलं की एपीटी अर्धा डेस्कटॉप काढायचा प्रस्ताव ठेवायचं. यादी वाचून ‘एन’ दाबणाऱ्यांचं काही आठवड्यांनी आपोआप मार्गी लागलं. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये हा बदल आहे. फक्त जुन्या ३२-बिट आय३८६ ला मुद्दाम वगळलं, कारण ते आता मुख्यतः जुने बंद-स्रोत प्रोग्राम चालवण्यासाठीच उरलंय आणि आकडा बदलला तर नेमके तेच चालायचे थांबतील.