परदेशातला पहिला कार्यक्रम



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी एक ताई जागची उठेना. तिचा मुलगा बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. हळदी, वराती, गणपती, जिथे सुपारी मिळेल तिथे. वय सतरा. पार्टीला दुबईहून बोलावणं आलंय. एजंट म्हणतो, "टुरिस्ट व्हिसावर जाऊ, राहणं-खाणं तिकडचा मालक बघेल, कागदाचं नंतर पाहू." ताईला तिकिटासाठी गटातून कर्ज हवं होतं.

आम्ही तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी एका बँडची खरी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

बीटल्स हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. पुढे जगभर गाजलेला इंग्लंडचा बँड. १९६८ मध्ये ते आपल्याकडे ऋषिकेशलाही येऊन राहिले होते. पण आपली गोष्ट १९६० सालची. तेव्हा त्यांना त्यांच्या लिव्हरपूल गावाबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नव्हती. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरात रात्रभर चालणारे क्लब होते आणि त्यांना वाजवणारी पोरं हवी होती. लिव्हरपूलच्या ॲलन विल्यम्स नावाच्या क्लबवाल्याने मध्यस्थी केली. बँडकडे ढोलकीवाला, म्हणजे त्यांच्या भाषेत ड्रमर, नव्हता. निघायच्या चार दिवस आधी पीट बेस्ट नावाचा मुलगा घेतला. त्याच्याकडे स्वतःचे ड्रम होते, हे महत्त्वाचं.

या पीटची आई मोना दिल्लीत जन्मलेली आणि पीट मद्रासला. महायुद्ध संपत आलं तेव्हा हे कुटुंब इंग्लंडला गेलं. या बाईने दागिने गहाण ठेवून घोड्यांच्या शर्यतीत पैसे लावले, ते जिंकून मोठं घर घेतलं, अशी त्यांच्या घरातली गोष्ट आहे. (आपल्या गटात असं कुणी करायचं नाही, कर्ज मिळणार नाही.) त्या घराच्या तळघरात तिने १९५९ मध्ये पोरांसाठी कॉफी क्लब काढला. तिथे ही मुलं वाजवायची. म्हणजे या बँडला हक्काची जागा दिली ती एका आईने.

१६ ऑगस्टला एका छोट्या व्हॅनमध्ये दहा माणसं, वाद्यं आणि सामान कोंबून हे निघाले. व्हॅन क्रेनने उचलून बोटीवर चढवली. कामाचा परवाना कुणाकडेच नव्हता. सीमेवर विचारलं तर विद्यार्थी आहोत, सुट्टीला चाललोय असं सांगायचं ठरलं होतं. आमच्या ताईच्या एजंटाचं बोलणं ऐकलं तेव्हा आम्हाला हेच आठवलं.

दुसऱ्या दिवशी पोचले आणि त्याच रात्री इंद्रा नावाच्या क्लबात वाजवायला उभे राहिले. करार झाला होता, त्यात रोजचे माणशी ३० मार्क लिहिले होते. तेव्हाचे साधारण अडीच पौंड. त्या वयाच्या पोरांना ते बरेच वाटले. पण तास बघा: आठवड्यात रोज साडेचार आणि शनिवार-रविवारी सहा. गाणी संपली की तीच गाणी लांबवायची. राहायला एका सिनेमा थिएटरच्या पडद्यामागच्या खोल्या. त्यांना खिडकी नाही, थंडीत शेगडी नाही, शेजारी संडास आणि तोंड धुवायला तिथलंच पाणी. "राहणं मालकाकडे" याचा अर्थ असाही होऊ शकतो, मैत्रिणींनो. खोली कशी, किती जणांत, पाणी आहे का, हे कागदावर नसलं की मिळेल ते गोड मानावं लागतं. पोटाला मात्र खलाशांसाठीच्या एका इंग्रजी आश्रमात स्वस्तात दूध आणि कॉर्नफ्लेक्स मिळायचे.

ऑक्टोबरमध्ये आवाजाच्या तक्रारी आल्या आणि इंद्रातलं गाणं बंद झालं. मालकाने त्यांना आपल्या दुसऱ्या क्लबात नेलं. मग जवळच्या टॉप टेन क्लबाने जास्त चांगली बोली लावली, तिकडे यांचे पाय वळले. पण आसपास दुसरीकडे वाजवायचं नाही, असं करारात होतं. मालक चिडला, नोटीस दिली.

आणि तेव्हा वयाचा प्रश्न बाहेर आला. जॉर्ज हॅरिसन सतराच वर्षांचा. त्या वस्तीत अठराच्या आतल्यांनी रात्री दहानंतर थांबायचं नाही, असा कायदा. २१ नोव्हेंबरला त्याला देशाबाहेर काढलं. एकटं पोर, हातात गिटार आणि सामान, रेल्वे आणि बोटीने घरी. त्यानंतर काही दिवसांनी पॉल आणि पीट सामान बांधत होते. अंधाऱ्या जागेत उजेड हवा म्हणून त्यांनी भिंतीला निरोध अडकवून पेटवला, असं सांगतात. (हो, निरोधच. माइकसमोर सांगतानाही हसू येतंय.) थोडीशी भिंत काळी झाली, एवढंच. पण मालकाने आग लावली म्हणून तक्रार केली, पोलिसांनी धरलं आणि दोघांची परत पाठवणी झाली. पीटचे ड्रम तिथेच राहिले. जॉन मागून रेल्वेने आला. साडेतीन महिने राबून पोरं एकेक करून हात हलवत परत आली.

मग जायलाच नको होतं का? तसं नाही. रोज एवढे तास वाजवून हात बसला होता. २७ डिसेंबरला लिव्हरपूलजवळ लिदरलंडच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. जाहिरातीत "थेट हॅम्बुर्गहून" असं होतं, त्यामुळे काही लोकांना ही जर्मन पोरंच वाटली. त्या रात्री लोक धावत स्टेजपाशी आले. पुढच्या वर्षी ते पुन्हा हॅम्बुर्गला गेले. तेव्हा जॉर्ज अठराचा झाला होता, जर्मन कचेरीला पत्रं लिहून परवानगी मागितली होती, टॉप टेनशी बोलणी स्वतः केली होती. रोजचे ३५ मार्क ठरले. मधल्या माणसाने कमिशन मागितलं, तर बोलणी आम्ही केली, म्हणून त्यांनी दिलं नाही. यात कोण बरोबर, यावर आमच्या बैठकीत बरीच भांडाभांडी झाली. आमच्या मते पहिला रस्ता त्याने दाखवला होता, काहीतरी द्यायला हवं होतं.

आता आपल्याकडचं. टुरिस्ट व्हिसावर दुबईत पैसे घेऊन काम करणं गुन्हा आहे. पकडले तर दंड आणि परत पाठवणी, आणि एजंट तेव्हा फोन उचलत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर अशी नोंद असते. त्यांना दुबई, ओमान, कतार अशा देशांत कामाला जायचं तर आपल्या सरकारची वेगळी परवानगी लागते. ताईच्या मुलाची दहावी झाली आहे, पण पार्टीतले दोघे तिथेच अडकतील. परवाना असलेले एजंट ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. आम्ही सेवा केंद्रात बसून पाहिलं, या एजंटाचं नाव सापडलं नाही.

ताईने त्याला फोन केला. किती दिवस, रोज किती तास, पैसे कुणाच्या हातात, खोली कुठली, परतीचं तिकीट कोण काढणार, पासपोर्ट कुणाकडे राहणार, हे सगळं सही-शिक्क्याने लिहून दे, म्हणाली. तो म्हणाला, "पाठवतो." याला तीन आठवडे झाले. मुलगा दोन दिवस आईशी बोलला नाही, मग जेवायला बसला. त्याला फेब्रुवारीत अठरावं पूर्ण होईल. कर्जाचा अर्ज आम्ही फाडलेला नाही, फाइलमध्ये ठेवला आहे.