मान चोळून घोरणं थांबत नाही

"बंडीवरून पडलं तवापासून घोरते पोट्टं." यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात मुकुटबनपासून पाटणपर्यंत कुठेही लहान मुलाच्या झोपेची तक्रार निघाली, की हे वाक्य कानावर येतंच. बंडीच्या जागी कधी मोहाचं झाड असतं, कधी मोटारसायकल, कधी डोक्यावरचं कापसाचं गाठोडं. निदान मात्र सगळीकडे एकच: मानेची शीर दबली, म्हणून झोपेत श्वास अडतो. उपायही ठरलेला. मान चोळणाऱ्याकडे न्यायचं, त्याने तेल लावून मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कटकन फिरवायची. महिना-दोन महिने असेच जातात, घोरणं तसंच राहतं, आणि मग 'अजून एकदा दाखवून पाहू' असं ठरतं.

लोक हे उगाच म्हणत नाहीत, हे आधी मान्य करायला हवं. श्वासनलिका मानेतूनच जाते. शिवाय असं लेकरू झोपतं तेही वेगळंच: डोकं मागे टाकलेलं, हनुवटी वर, मान ताणलेली, तोंड उघडं. रोज रात्री ते पाहणाऱ्या आईला मानेतच काही बिघडलंय असं वाटलं तर नवल नाही. पण इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. घसा आतून अरुंद झालेला असतो आणि डोकं मागे टाकलं की तो थोडा मोकळा होतो, म्हणून झोपेतलं शरीर आपणहून ती स्थिती घेतं. त्या लेकराची मान आजारी नसते. ती त्याला श्वास मिळवून देत असते. आणि आपण नेमकी तीच मान मोडायला नेतो.

घसा अरुंद कशाने होतो? लहान मुलांत बहुतेक वेळा टॉन्सिल आणि ॲडेनॉइड यांच्यामुळे. टॉन्सिल म्हणजे घशाच्या दोन बाजूंच्या गाठी, तोंड उघडलं की दिसतात. ॲडेनॉइड नाकाच्या मागे, टाळूच्या वर असतं. ते नुसतं तोंड उघडून दिसत नाही, म्हणून 'घसा पाहिला, काही नाही' असं सांगून मूल घरी पाठवलं जातं. साधारण दोन ते आठ या वयात या गाठी घशाच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात, वाट बंद होते, छाती-पोट हलत राहतं पण हवा आत जात नाही. काही सेकंदांनी मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो, एक मोठा आचका येतो, आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं. यालाच अडथळ्याचा स्लीप ॲप्निया म्हणतात.

आता दोन ते आठ हे वय पुन्हा पाहा. मुलं सर्वांत जास्त पडतात ती याच वयात. त्यामुळे घोरणाऱ्या कुठल्याही मुलाच्या मागच्या सहा महिन्यांत एखादं पडणं सापडणारच, आणि न घोरणाऱ्याच्याही सापडेल. त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही, एवढाच फरक.

घशातल्या अडथळ्याची ही गोष्ट वैद्यकशास्त्राला कालपरवा कळलेली नाही. १८८९ साली लंडनच्या विल्यम हिल या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं, की तोंडाने श्वास घेणारी, अभ्यासात मागे पडणारी काही मुलं मुळात मंद नसतात, त्यांचा घसा अडलेला असतो. १९७६ मध्ये ख्रिश्चन गिलमिनॉ आणि सहकाऱ्यांनी आठ मुलांची झोप तपासून मुलांमधला स्लीप ॲप्निया नीट मांडला. २०१२ साली अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत निरनिराळ्या अभ्यासांवरून हे प्रमाण मुलांमध्ये १.२ ते ५.७ टक्के दिलं आहे. गाठी वाढलेल्या असतील तर शस्त्रक्रिया हा पहिला उपाय, असंही त्या सांगतात. मान मुरगळणं हे कारण म्हणून त्यांत कुठेही नाही.

मग मानेच्या इजेचा आणि झोपेतल्या श्वासाचा काहीच संबंध नाही का? आहे. पण तो ज्या इजांमुळे येतो त्या एवढ्या गंभीर असतात, की 'पडला, रडला, उठून खेळायला गेला आणि मग घोरायला लागला' अशी त्यांची कहाणी नसते. श्वासाचा पडदा हलवणारी नस मानेतल्या मज्जारज्जूतून, तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते. तिथे किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झाली तर श्वासच धोक्यात येतो, आणि जोडीला हातापायांत कमजोरी, बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं हेही असतं. अशा इजेतून वाचून हातपाय लुळे पडलेल्या प्रौढांमध्ये स्लीप ॲप्निया फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे; अशा मुलांच्याही झोपेवर लक्ष ठेवावं लागतं. दुसरा संबंध स्वरयंत्राच्या इजेचा. सायकलवर वेगात असताना आडवी तार मानेला लागली, तर आवाज बसतो, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो, आणि तो दिवसाही येतो. तिसरा अवघड बाळंतपणाचा. बाळाचा खांदा अडकून मान ताणली गेली तर एका हाताच्या नसांबरोबर श्वासपडद्याची नसही दुखावू शकते. तेव्हा तो हात लुळा दिसतो आणि बाळ जन्मापासूनच धापा टाकतं. चौथा जन्मजात. मेंदूचा खालचा भाग मानेच्या वरच्या टोकात उतरलेला असणं, म्हणजे कियारी दोष. यात घसा उघडा असूनही मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही. असं मूल घोरेलच असं नाही. क्वचित असा दोष पडल्यानंतरच्या तपासणीत पहिल्यांदा दिसतो आणि खापर पडण्यावर फुटतं.

आणि एक संबंध अगदी उलट दिशेचा आहे. घशाच्या मोठ्या जंतुसंसर्गानंतर, कधी टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतरही, मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सरकून मान वाकडी होऊन बसते. म्हणजे घशाच्या आजाराने मान बिघडली. ताप, वाकडी मान, लाळ गळणं आणि गिळता न येणं हे एकत्र दिसलं तर घशामागे पू झालेला असू शकतो. मणक्याच्या क्षयरोगातही मान आखडते आणि घशामागे गळू होतं. या मुलांची मान चोळणाऱ्याने फिरवली तर काय होईल, याचा विचारच करवत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचं सांगायलाच हवं: त्यांच्यात स्लीप ॲप्निया निम्म्याहून अधिक मुलांत आढळतो, आणि काहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांचे बंध जन्मतःच सैल असतात. त्या मानेला झटका देणं म्हणजे मज्जारज्जूशी खेळ आहे. घोरणाऱ्या मुलाची मान मोडणं हा निरुपद्रवी घरगुती उपाय आहे, हे ऐकून घ्यायला मी तयार नाही.

खरोखर जोरात पडलेल्या मुलाबाबतही एक चूक सर्रास होते. 'एक्स-रे साफ आला, म्हणजे मान ठीक.' पँग आणि विल्बर्गर यांनी १९८२ साली दाखवून दिलं, की मुलांची हाडं-बंध लवचीक असल्याने एक्स-रे निर्दोष असूनही मज्जारज्जूला इजा झालेली असू शकते, आणि कमजोरी कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी दिसू लागते. म्हणून झाडावरून पडलेल्या लेकराला दोघांनी उचलून बसवायचं नाही. डोकं आणि धड एका रेषेत ठेवून, मान न हलवता १०८ ची गाडी बोलवायची.

यवतमाळ जिल्ह्यासाठी या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही: सिकलसेल. विदर्भात हा आजार असल्याचं नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली लॅन्सेटमध्ये लिहिलं. गोंड, कोलाम, परधान वस्त्यांमध्ये त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. या मुलांत टॉन्सिल-ॲडेनॉइड वाढण्याचं प्रमाण जास्त असतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सिकलसेलच्या साधारण १० पैकी ४ मुलांत थोडाफार अडथळ्याचा ॲप्निया होता, आणि १० पैकी एकात तो ठळक होता. रात्री रक्तातला ऑक्सिजन पुन्हा पुन्हा खाली जाणं कुणालाच चांगलं नाही. सिकलसेलमध्ये तर ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशींचा आकार बिघडतो. तेव्हा सिकलसेलचं लाल किंवा पिवळं कार्ड असलेलं मूल घोरत असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते त्यांना सांगा. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना कार्ड आधी दाखवा, कारण सलाइन, ऑक्सिजन आणि कधी रक्त यांची तयारी आधीच करावी लागते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'घोरतं म्हणजे गाढ झोपलंय': रोज रात्री घोरणारं मूल नीट झोपलेलं नसतं. 'हा जाड्यांचा आजार आहे': लठ्ठपणाने धोका वाढतो, पण गाठी मोठ्या असलेलं हडकुळं मूलही घोरतं, आणि रात्रभर श्वासासाठी झटल्याने त्याचं वजन वाढत नाही. 'झोप अपुरी असती तर दिवसा पेंगलं असतं': मोठी माणसं पेंगतात, मुलं बरेचदा उलट चिडतात, एका जागी बसत नाहीत, आणि शाळेत मस्तीखोर ठरतात. 'एवढं मोठं झालं तरी अंथरूण ओलं करतं, आळशी आहे': अंथरूण ओलं होणं हे या आजाराचंही लक्षण असतं, मारून जात नाही. 'नाकात तेल सोडलं की मोकळं होतं': ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झालेली बाळं भारतातल्या दवाखान्यांनी पाहिली आहेत. 'टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती जाते': ते काम करायला शरीरात इतर पुष्कळ जागा आहेत.

'वय वाढलं की आपोआप जातं' यात मात्र थोडं तथ्य आहे. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेला अभ्यास २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सात महिन्यांनी, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी ठीक आली, आणि नुसती देखरेख ठेवलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची. त्रास सौम्य असेल तर डॉक्टरांच्या नजरेखाली थांबता येतं. मान चोळणाऱ्यांना यश का मिळतं, त्याचंही उत्तर इथेच आहे: काहीही न करता बरी होणारी ही मुलं त्यांच्या खात्यात जमा होतात.

खात्रीचं निदान रात्रभराच्या झोपेच्या तपासणीने होतं आणि त्यासाठी नागपूरसारख्या शहरात जावं लागतं. पण सुरुवात घरून होते. मूल झोपलेलं असताना, छाती-पोट उघडं ठेवून, दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढा. तो पहाटेच्या सुमारास काढा, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि श्वास तेव्हाच जास्त अडतो. आश्रमशाळेतल्या मुलाची झोप आईबाप पाहूच शकत नाहीत, ती अधीक्षकांनी पाहायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत किंवा शाळेत येतं तेव्हा त्यांना हा व्हिडिओ दाखवा, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे, म्हणजे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये, पाठवण्याची चिठ्ठी मागून घ्या. झोपेत ओठ निळे पडत असतील किंवा दिवसाही श्वासाला त्रास होत असेल, तर चिठ्ठीची वाट पाहू नका.

शस्त्रक्रियेनंतरही काहींचं घोरणं उरतं. ४६४ मुलांच्या त्या अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या पाचांपैकी एका मुलाचा त्रास पूर्ण गेला नव्हता. जखम भरून दोन-तीन महिने झाल्यावरही रोज घोरणं चालू असेल, तर त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जायचं.