सूर्याहून जास्त ताप, घरच्या प्लगवर!

लोखंड वितळतं १५३८ अंश सेल्सिअसला. वेल्डिंगच्या आर्कमधलं तापमान मात्र सहा हजार अंशांच्याही पुढे जाऊ शकतं, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त! कुंड्यांचा स्टँड किंवा सायकलचं कॅरिअर स्वतः जोडायची हौस असेल, तर हा ताप आता खांद्याला अडकवून जिना चढता येतो.

जुनी मशीनं अवजड असायची ती तांब्याच्या वेटोळ्यांमुळे आणि लोखंडी गाभ्यामुळे. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. नवं इन्व्हर्टर मशीन ती हजारोंवर नेतं, मग चिमुकला ट्रान्सफॉर्मरही पुरतो. वजन उतरतं पाच-सहा किलोंवर!

खरी गंमत डब्यावरच्या '२०० अँपिअर'मध्ये आहे. एवढ्या करंटला आर्कवर साधारण २८ व्होल्ट धरतात, म्हणजे झाले ५६०० वॉट. घरातला १६ अँपिअरचा पॉवर प्लग २३० व्होल्टवर देणार जेमतेम ३७०० वॉट. हिशेब बसतच नाही! पण २०० लागतात कुणाला? ठोकताळा सोपा आहे: जाडीच्या दर मिलिमीटरला ४० अँपिअर. दोन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपला ८० पुरे, आणि रॉड २.५ मिलिमीटरचा, दुकानातला 'बारा नंबर'. म्हणून मोठ्या आकड्याला भुलू नका, ड्यूटी सायकल विचारा. ८० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं काम, चार मिनिटं मशीनला विश्रांती. हौशी माणसाला तेवढं भरपूर.

रॉडखेरीज वेल्डिंगचे आणखी दोन प्रकार दुकानात दिसतील, मिग आणि टिग. मिगमध्ये ट्रिगर दाबला की तार आपोआप पुढे सरकते. पातळ पत्र्याला झकास, शिकायलाही सोपं; पण बहुतेक वेळा गॅसचा सिलिंडर आला, आणि गच्चीवरचा वारा तो गॅस उडवून लावतो. टिग १९४०च्या दशकात अमेरिकेत विमानांच्या मॅग्नेशियमसाठी विकसित झालं. काम देखणं, पण दोन्ही हात गुंततात. साध्या रॉडला सिलिंडर लागतच नाही, कारण त्याचं आवरण जळताना स्वतःच संरक्षक वायू तयार करतं.

डोळ्यांना आर्क लागला तर लगेच कळतही नाही. काही तासांनी, ऐन रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं. ऑटो-डार्कनिंग हेल्मेटची काच सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात काळी होते, ती याचसाठी. जस्ताचा मुलामा दिलेल्या जीआय पाइपपासून तर नवशिक्यांनी लांबच राहावं: त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

पहिलं मशीन घ्यायचं तर इन्व्हर्टर आर्कच, म्हणजे रॉडवालंच घ्या. मात्र हेल्मेट, चामडी हातमोजे आणि जाड सुती कपड्यांचे पैसे आधी बाजूला काढा. मशीन उरलेल्या पैशांत बसवा.